घरातला डान्स पोल सारखा ढिला होतोय? आवळण्याआधी हे बघा

पावसाळा लागला की माझ्याकडे एकाच तऱ्हेचे मेसेज सुरू होतात. "अक्का, पोल परत हलायला लागला. परवाच आवळला होता की!" बेळगावातल्या टिळकवाडीतून, वडगावातून, कधी खानापूर-निपाणीहून. मी घरीच पोल डान्सचा, म्हणजे उभ्या नळीवर चढून-फिरून करायच्या कसरतींचा, सराव करते, ओळखीच्या पोरींचे पोल लावून देते, आणि लावलेले पोल कुरकुरायला लागले की बघायलाही मलाच जावं लागतं. तक्रार सगळीकडे तीच, आणि मी पोचेपर्यंत घरच्यांनी केलेला उपायही तोच: अजून जोरात आवळला. पुढचा बिघाड इथूनच सुरू होतो.

भोक न पाडता, जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून बसवतात त्या प्रेशर पोलबद्दलच मी लिहितेय. घरांत बहुतेक तोच असतो. सेंटरिंगवाले स्लॅबखाली लोखंडी जॅक लावतात ना, त्याचा हा चकचकीत भाऊ. खाली रबराची बैठक, वर रबर लावलेली ताटली, आणि लांबी वाढवायला आटे. आटे फिरवले की पोल लांबतो आणि वर-खाली रेटा देऊन उभा राहतो. त्याला जागेवर धरून ठेवतं ते निव्वळ घर्षण. म्हणजे तो ढिला झाला तर वरचं टेकण सरकलं किंवा दबलं, नाहीतर खालचं, नाहीतर मधला सांधा सुटला. यातलं काय झालंय ते न शोधता आवळत सुटलात तर फक्त रेटा वाढतो. स्लॅबची सळई वरून येणारं वजन पेलायला टाकलेली असते, खालून ढकलणारा जॅक तिच्या हिशेबात नसतो.

आधी लक्षणं ओळखा

- छतावर ताटलीच्या एका कडेला काळसर चंद्रकोर उमटलीय: ताटली सरकतेय.
- पोलच्या बुडाशी पांढरी भुकटी पडलीय: वरची पुट्टी किंवा प्लास्टर दबून झडतंय.
- फिरताना टिक्-टिक् आवाज येतो: सांधा किंवा बारीक स्क्रू.
- न फिरणाऱ्या, म्हणजे स्टॅटिक मोडवर ठेवलेला पोल हातात हळूच फिरतो: पुन्हा स्क्रूच, नाहीतर आटे उलटे सुटताहेत.
- रात्री घट्ट, चार दिवसांनी ढिला, आणि मध्ये कुणी हातही लावलेला नाही: वर किंवा खाली काहीतरी मऊ आहे.
- पोल तसूभर हलत नाही, तरी तुम्ही खाली येताय: पोलचा दोष नाही. याबद्दल खाली सविस्तर, कारण "ढिला झाला" म्हणून बोलावलेल्या घरांत पुष्कळदा हेच निघतं.

पेन्सिल आणि चिकटपट्टी

पहिली तपासणी फुकटातली. स्टुलावर चढून वरच्या ताटलीभोवती पेन्सिलने पुसट रेघ मारा. खाली बैठकीच्या कडेला लागून फरशीवर कागदी चिकटपट्टी लावा. प्रत्येक सांध्यावर, वरच्या आणि खालच्या नळीला जोडून जाईल अशी एक उभी खूण करा. मग नेहमीचा सराव करा, पण पाय जमिनीजवळ ठेवूनच. उलटं होणं, वर चढून हात सोडणं आज बंद. सराव झाला की खुणा बघा. जी खूण मोडली ती जागा दोषी. एवढं न करता मला बोलावलंत तरी मी आल्यावर आधी हेच करणार आहे.

हात घसरतोय की पोल?

खुणा सगळ्या जागच्या जागी असतील तर पाना खाली ठेवा आणि फडकं घ्या.

आपल्याकडे मल्लखांबाला एरंडेल चोळतात हे घरोघरी माहीत असतं. एका घरी आजोबांनी नातीच्या कौतुकापोटी तिच्या स्टीलच्या पोललाही एरंडेल लावून ठेवलं होतं, तेही पॉलिश केल्यासारखं झकास. मल्लखांब लाकडी, जाडजूड, वर निमुळता होत जाणारा. तिथे तेलाने अंगाचं घासणं कमी होतं. ४५ मिलिमीटरच्या गुळगुळीत नळीवर तेल म्हणजे सरळ जमीन. तो पोल आधी भांड्यांच्या साबणाने, मग अल्कोहोलने, दोनदा पुसावा लागला.

नेहमीच्या सफाईला औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. नुसतं "स्पिरिट द्या" म्हणू नका, कारण काही सर्जिकल स्पिरिटमध्येही एरंडेल मिसळलेलं असतं. बाटलीवरचं वाचून घ्या. सॅनिटायझरही नको, त्यातल्या ग्लिसरीनचा थर राहतो. अल्कोहोल फडक्यावर घ्यायचं, पोलवर ओतायचं नाही. फिरणाऱ्या पोलच्या बेअरिंगमध्ये गेलं तर आतलं ग्रीस धुऊन निघतं. आणि देवघरातला दिवा किंवा उदबत्ती पेटलेली असताना हे काम काढू नका. पावडर कोटिंग किंवा सिलिकॉनच्या पोलला मात्र सौम्य साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं, बास.

हवेचाही मोठा भाग आहे. जून ते सप्टेंबर बेळगावात नळीवर ओल धरते. जांबोटी-कणकुंबीकडे तर विचारूच नका, तिथे कपडेही वाळत नाहीत. अशा दिवसांत खिडकी बंद करून पंखा लावा, दर दोन-तीन प्रयत्नांनंतर पोल पुसा, हाताला जिमवाले वापरतात तो खडू लावा. खडू म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, टाल्कम पावडर नव्हे. टाल्कमने उलट जास्त घसरतं. डिसेंबरच्या सकाळी याच्या उलट होतं: नळी गार, कातडी कोरडी, पकडच येत नाही. तेव्हा अंग तापवा आणि पोलही हाताने, मांडीने घासून कोमट करा. सरावाच्या दिवशी अंगाला लोशन, खोबरेल काही लावायचं नाही, आदल्या रात्रीचंही आंघोळीत नीट धुऊन काढायचं.

कारवारकडच्या वाचकांसाठी वेगळं सांगते. खाऱ्या हवेने क्रोमवर बारीक ठिपके पडतात. ठिपक्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर ती जागा मांडीची कातडी सोलून काढणार. सँडपेपर मारून ते बरं होत नाही, मुलामा अजूनच निघतो. ती नळी बदलायचीच.

पाणसळ लावा

दुसरी स्वस्त तपासणी. हार्डवेअरच्या दुकानातली छोटी स्पिरिट लेव्हल पोलला उभी लावा: एकदा समोरून, एकदा काटकोनात बाजूने. एकाच बाजूने बघून "सरळ आहे" म्हणणारे फार भेटतात. लेव्हल नसेल तर ओळंबा सोडा. पोल कलला असेल तर तुमचं वजन वर-खाली न जाता आडवं ढकलतं, आणि प्रत्येक फेरीला ताटली केसभर सरकते. मग कितीही आवळा. कललेला पोल आवळत आवळत सरळ करायचा नसतो; पूर्ण सैल करून, एकाने धरून, पुन्हा उभा करायचा. हे काम एकटीने करू नका. पोल वजनाला भारी असतो आणि पडताना टीव्ही बरोबर शोधतो.

सांधे आणि बारीक स्क्रू

पोलबरोबर ॲलन कीचा, म्हणजे वाकड्या षटकोनी किल्ल्यांचा, जुडगा येतो आणि आठवड्याभरात हरवतो. शोधा. नळीच्या सांध्यात आतून फुगणारा तुकडा असतो, तो ॲलन कीने आवळतात. सैल झाला की टिक्-टिक् सुरू. पोल स्टॅटिक ठेवायचा की स्पिनवर, म्हणजे फिरता, ते बदलायचे बारीक स्क्रू बुडाशी असतात. स्टॅटिकला ते सगळे सारखे घट्ट हवेत, एक घट्ट आणि एक अर्धवट असं नको. आणि आटे मरेपर्यंत पिळूही नका. गोल झालेल्या डोक्याचा स्क्रू काढायला शेवटी ड्रिलवाला बोलवावा लागतो.

जास्तीचा तुकडा, म्हणजे एक्स्टेंशन, जोडला असेल तर तो वरच्या टोकाला गेला पाहिजे. मधोमध किंवा खाली जोडला तर नेमका जिथे तुमचा जोर येतो तिथेच सांधा येतो, शिवाय बोटाला त्याची कड लागते.

स्वस्त पोलमध्ये अख्खी नळीच आट्यांवर फिरवून उंची वाढवतात. अशा पोलवर तुम्ही कायम एकाच बाजूला गिरक्या घेत असाल तर तुम्ही स्वतःच तो रोज थोडा थोडा उघडताय. दोन्ही बाजूंनी सराव करा. अंगालाही तेच बरं.

खालची बाजू

बैठकीखाली काय आहे? योगा मॅट, गालिचा, "फरशी खराब होईल म्हणून" घातलेला जुना टॉवेल, असलं काही असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. मऊ वस्तू दबते, दबली की रेटा कमी होतो. रात्री घट्ट, चार दिवसांनी ढिला, या तक्रारीचं पहिलं कारण हेच. बैठक थेट फरशीवर हवी, आणि रबर व फरशी दोन्ही ओल्या फडक्याने पुसून वाळवलेली. फिनाईलने लादी पुसता ना, त्याचा थरही राहतो.

मग नाण्याने फरशी वाजवून बघा. भरीव असेल तर टणक आवाज येतो. पोकळ आला तर खाली सिमेंट नाही, नुसती हवा आहे. व्हिट्रिफाइड टाईल असेल तर एक दिवस कडकन तडकणार. जुन्या घरांतली जाड शहाबादी फरशी यापेक्षा बरी, फक्त ती क्वचितच सपाट असते. बैठक डगमगत असेल तर खाली पुठ्ठ्याची घडी सारू नका, जागा बदला.

वरची बाजू

खरी भानगड इथे आहे आणि बघायला सगळ्यात कंटाळा इथलाच येतो, कारण चढावं लागतं.

पोल पूर्ण सैल करून ताटलीखालची जागा बघा. सुकलेल्या डिस्टेंपरला बोटाने घासलं तर बोट पांढरं होतं का? मग ताटली स्लॅबला टेकलेलीच नाही, रंगाच्या पावडरीला टेकलीय. तेवढ्या गोलातला सुटा रंग आणि पुट्टी पत्र्याने खरवडून, पुसून, टणक थर लागेपर्यंत जा. भाड्याचं घर असेल तर आधी मालकांना विचारा. त्यांची समजूत घालायला एक माहिती उपयोगी पडते: २०१७ साली आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या संघटनेने पोल स्पोर्टला निरीक्षक दर्जा दिला होता. आमच्या एका पोरीने मात्र "काका, स्टीलचा मल्लखांब आहे" एवढ्यावरच काम भागवलं.

नंतर बोटाच्या पेराने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने छत वाजवा. टण् आला तर ठीक. ढप्प आला तर सिलिंगचं प्लास्टर स्लॅबपासून सुटलंय, आणि त्यावर पोल टेकवला तर कधीतरी ती खपली तुमच्या डोक्यावर येणार. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सिलिंगवर पोल कधीच नाही. ते लटकवलेलं असतं, त्याला रेटा सोसत नाही.

ओल असेल तर गोष्ट वेगळी. गच्चीतून पाणी झिरपत असेल तर छतावर आधी पिवळट कड येते, मग रंगाला फुगे. दर पावसाळ्यात ढिला होणारा आणि मार्चमध्ये ठणठणीत असणारा पोल दिसला की मी पोल सोडून गच्ची बघायला जाते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्याशिवाय त्या जागी पोल लावू नका. दुसऱ्या खोलीत कोरडी जागा असेल तर तिथे हलवा.

जागा निवडताना पंख्याचा हूक आणि त्याच्याकडे जाणारी वायरिंगची नळी टाळा. स्लॅबमध्ये त्या रेषेवर काँक्रीट कमी असतं. बीमखाली जागा मिळत असेल आणि बीम ताटलीपेक्षा रुंद असेल तर उत्तम. अरुंद बीमवर ताटलीची कड बाहेर राहते, मग स्लॅबच बरा. पंख्याची पाती आणि तुमचे पसरलेले पाय यांचं अंतर आधी मोजा. पोलभोवती सगळीकडून निदान दीड मीटर मोकळं पाहिजे. कपाटाचा कोपरा, खिडकीचा कट्टा, सगळं त्या हिशेबात धरा.

उंचीचं गणित

वरचं-खालचं सगळं ठीक आणि तरी पोल थरथरतोय? मग आटे किती बाहेर आलेत ते बघा. बऱ्याच चांगल्या पोलची मूळ उंची सुमारे २२३५ ते २७४५ मिलिमीटर बसते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये फरशीपासून स्लॅबपर्यंत दहा फूट धरले तर झाले ३०४८. उरलेलं अंतर एक्स्टेंशनने भरायचं असतं. ते न घेता आटे ताणून ताणून पोचवतात. आट्यांवर कमाल मर्यादेची खूण असते, तिच्यापलीकडे गेलात की दांडा आत पुरेसा उरत नाही आणि पोल डुलायला लागतो. हे आवळून सुटत नाही, योग्य मापाचं एक्स्टेंशनच घ्यावं लागतं. माप ज्या जागी पोल लावणार त्याच जागी, टेपने, मिलिमीटरमध्ये घ्या. बिल्डरच्या नकाशातली उंची धरू नका.

पोलच चुकीचा असेल तर

ऑनलाइन मिळणारे हलके, प्लास्टिकच्या टोप्यांचे पोल पार्टीत फोटो काढायला ठीक. नळी पातळ, आटे तकलादू. त्यावर चढणं, उलटं होणं नको. असा पोल ढिला झाला म्हणून मला बोलावू नका. मी काढूनच ठेवीन.

दुसरा प्रकार म्हणजे उद्यमबागेतल्या, आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या, वर्कशॉपमधून करून आणलेला. "रेलिंगचा पाईप कापून देतो की अक्का, झक्कास पॉलिश मारून!" आमचे फॅब्रिकेशनवाले अण्णा हाताचे कसबी आहेत, खरं पाईप जिन्याच्या मापाचा असतो. दोन इंची रेलिंग बाहेरून ५०.८ मिमी, म्हणजे जाड; दीड इंची ३८.१, म्हणजे बारीक. बत्तीस एनबीचा (आतल्या भोकाचं नावापुरतं माप ३२ मिमी) पाईप बाहेरून ४२.४ भरतो, तो हातात येतो. पण रेलिंगचा माल बहुधा १.२ मिमी जाडीचा, त्याला पोचे पडतात आणि जोडाची वेल्डिंग कातडीला लागते. २०२ ग्रेडचं हलकं स्टेनलेस स्टील चांगल्या ३०४ ग्रेडचं म्हणून खपवलं जातं ते वेगळंच. लोहचुंबक लावून फरक कळतो असं सांगतात, तसं नाही. दोन्हीला चुंबक जवळपास चिकटत नाही. ग्रेड तपासायला रसायनाचा थेंब टाकून बघावा लागतो. आणि वर-खाली रेटा देणारे आटे, बेअरिंग, ताटली हे घरगुती वेल्डिंगने जमवायचं काम नव्हे.

नवा घेणार असाल तर ४५ मिमी घ्या. स्पर्धांमध्येही तोच असतो, आणि पुढे कुठल्या स्टुडिओत गेलात तर हात बुजणार नाही. हात फारच लहान असेल तर ४० किंवा ४२. क्रोम सर्वसाधारण सगळ्यांना चालतो. घाम फार येत असेल तर पितळ चांगलं धरतं. खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येते त्यांनी क्रोमपासून सावध राहा, मुलाम्याखाली निकेल असतं. त्यांना पावडर कोटिंग बरं. सिलिकॉनचा पोल पूर्ण कपड्यांत सरावासाठी, पण उघड्या कातडीला तो ओरबाडतो. स्टॅटिक-स्पिन दोन्ही होणारा घ्या, शिकायला सुरुवात मात्र स्टॅटिकवर. गादीचे पैसे वाचवू नका. निदान चार इंची, पोलभोवती घट्ट बसणारी क्रॅश मॅट. घरातली कापसाची गादी घसरते आणि घोटा मुरगळतो.

इथे हात थांबवा

छताला पोलच्या जागेपासून निघणारी नवी चीर दिसली, वरून गंजलेली सळई डोकावली, किंवा प्लास्टरचा तुकडा पडला, तर पोल त्याच दिवशी उतरवा. गवंड्याकडून चीर बुजवून पुन्हा लावायचा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याने बघून लेखी होकार दिला तरच पुढे. वरच्या मजल्यावरच्यांची फरशी उचलली गेली असेल तरीही तेच.

जुन्या वाड्यांत लोखंडी गर्डरवर फरश्या मांडून केलेली छतं आहेत, शहापुरात, निपाणीत पुष्कळ. त्या फरश्या नुसत्या टेकलेल्या असतात, खालून रेटा दिला की उचलल्या जातात. लाकडी माळवद, मंगलोरी कौलं, पत्रा, सिमेंटची पानं, इथेही प्रेशर पोल लावायचा नाही. अशा घरात स्वतंत्र बैठकीचा स्टेज पोल ठेवता येतो. त्याची बैठक रुंद आणि वजनदार असते आणि उंची कमी मिळते, तेव्हा आधी खोली मोजा. तोही परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा दुसरीकडे जाऊन सराव करा, घरी ताकदीचे व्यायाम करा. कायमचा बोल्ट मारून पोल बसवायचा असेल तर स्लॅबमध्ये ड्रिल घालण्याआधी पुन्हा इंजिनिअरच. वायर आणि सळई कुठे आहे ते अंदाजाने ठरवायचं नसतं.

पोल एकदा माणूस वर असताना सुटला असेल, तर कारण सापडेपर्यंत त्यावर कुणीही चढू नये. "आता बघ, घट्ट झालाय" म्हणून भावाला लटकवून बघणंही नको. आटे घासलेले, नळी वाकलेली किंवा रबर कडक होऊन चिरलेलं असेल तर तो भाग कंपनीकडूनच बदलून घ्या, दुसऱ्या पोलचा बसवू नका.

आणि पडलात, डोकं किंवा मान आपटली, हाताला मुंग्या आल्या, उलटी झाली, दिसायला दोन दोन लागलं, तर पोल ढिला होता का हा तपास नंतर. आधी दवाखाना. मानेला मार असेल तर घरच्यांनी उचलून बसवू नये, पडलंय तसंच आडवं ठेवून १०८ ला फोन करावा.